कर्जाचे पैसे आणि गावचे रस्ते: कोकणातल्या नगरपालिकांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रस्त्याच्या कामाचं भूमिपूजन झालं की फलकावर दोन गोष्टी ठळक असतात, नेत्यांचे फोटो आणि कोटींचा आकडा. ते कोटी कुठून आले, कोणी फेडायचे आणि किती वर्षं, हे फलकावर नसतं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि रायगडातल्या लहान शहरांत याबद्दल जे पुन्हा पुन्हा विचारलं जातं त्याची उत्तरं इथे आहेत. सगळं वाचायला वेळ नसेल तर हप्त्याचा आणि गटाराचा प्रश्न तेवढा वाचा.

रोखे म्हणजे नेमकं काय? कर्जच ना?

कर्जच. बँकेकडून कर्ज घेतलं तर देणारा एक असतो. रोखे काढले तर तीच रक्कम तुकडे करून अनेकांकडून घेतली जाते. ठरलेल्या तारखांना व्याज द्यायचं आणि मुदत संपली की मुद्दल परत करायचं.

कोकणाला हे नवीन नाही. कोकण रेल्वे महामंडळ १९९० साली स्थापन झालं. भांडवलात रेल्वे मंत्रालयाचे ५१ टक्के आणि महाराष्ट्राचे २२ टक्के, उरलेला वाटा कर्नाटक, गोवा आणि केरळचा. पण बांधकामाचा मोठा खर्च निघाला तो बाजारात विकलेल्या रोख्यांतून. २६ जानेवारी १९९८ ला मार्ग राष्ट्राला अर्पण झाला. रोखे नसते तर सावंतवाडीचा माणूस आणखी बरीच वर्षं रात्रभर एसटीत बसून मुंबईला गेला असता. मात्र त्याच रोख्यांच्या व्याजाने महामंडळाला पुढे इतकं जेरीस आणलं की आर्थिक पुनर्रचना करावी लागली. रोख्यांचे गोडवे गाणारे पहिली गोष्ट सांगतात आणि नावं ठेवणारे दुसरी. दोन्ही खऱ्या आहेत.

हे निवडणूक रोख्यांसारखंच काही आहे का?

नाही. तो पक्षांना देणगी देण्याचा मार्ग होता आणि सर्वोच्च न्यायालयाने तो फेब्रुवारी २०२४ मध्ये घटनाबाह्य ठरवला. इथे कुणी कुणाला देणगी देत नाही.

राज्य सरकार आमच्या रस्त्यांसाठी रोखे काढतं का?

रस्त्याचं नाव घालून नाही. राज्य सरकार जे रोखे काढतं त्यांना ‘राज्य विकास कर्ज’ म्हणतात. लिलाव रिझर्व्ह बँक करते, साधारणपणे मंगळवारी. घेणारे म्हणजे बँका, विमा कंपन्या, भविष्य निर्वाह निधी. दहा वर्षांची मुदत नेहमीची, पण त्याहून बरीच लांबचे रोखेही निघतात. आलेला पैसा राज्याच्या एकत्रित निधीत जमा होतो. तिथे जीएसटी आणि मुद्रांक शुल्काच्या पैशांत एकदा मिसळला की कोणता रुपया कर्जाचा आणि कोणता कराचा हे सांगता येत नाही. त्याच निधीतून नगरविकास विभागाच्या योजनांना तरतूद होते आणि त्या योजनांतून तुमच्या प्रभागाला अनुदान मिळतं.

अमेरिकेतल्या काही राज्यांत ‘रस्त्यांसाठी इतके रोखे काढू का?’ असं मतपत्रिकेवरच विचारतात. आपल्याकडे ती पद्धत नाही. राज्याने किती उचल करायची यावर घटनेच्या अनुच्छेद २९३ नुसार केंद्राची संमती लागते, आणि राजकोषीय उत्तरदायित्वाचा २००५ चा राज्याचा कायदाही आहे. पण त्या चौकटीत कोणत्या गल्लीचं काम आधी घ्यायचं, हे तुम्हाला कुणी विचारत नाही. म्हणून ‘शासनाने फुकट निधी दिला’ हे भाषणात ठीक. तो निधी पुढच्या दहा-वीस वर्षांच्या करांतून फिटायचा असतो.

पुण्याने काढले तसे आमच्या पालिकेने स्वतःचे रोखे का काढू नयेत?

पुणे महापालिकेने २०१७ साली चोवीस तास पाणीपुरवठ्याच्या योजनेसाठी २०० कोटींचे रोखे विकले, ७.५९ टक्के व्याजाने, दहा वर्षांच्या मुदतीचे. २०२३ मध्ये पिंपरी-चिंचवडनेही २०० कोटी उभे केले. त्याआधी अहमदाबादने १९९८ सालीच राज्याच्या हमीशिवाय १०० कोटी उभारले होते. म्हणजे मार्ग मळलेला आहे, पण मोठ्या गाड्यांसाठी.

रोखे बाजारात आणायचे तर सेबीचे, म्हणजे रोखेबाजाराच्या नियामकाचे, २०१५ चे नियम पाळावे लागतात. त्यात लेखापरीक्षण झालेले ताळेबंद लागतात, पतमानांकन लागतं, विश्वस्त नेमावा लागतो, आणि हप्त्याचे पैसे आधी बाजूला काढणारं एस्क्रो खातं उघडावं लागतं. एवढा सगळा खर्च २०० कोटींवर पडला तर जाणवत नाही, आठ कोटींवर पडला तर परवडत नाही. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी शहराची लोकसंख्या सुमारे ७६ हजार होती, चिपळूणची ५५ हजार, वेंगुर्ल्याची १२ हजारांच्या आसपास. कायद्याच्या वर्गवारीत ४० हजारांपर्यंतची पालिका ‘क’ वर्गात येते, म्हणजे कोकणातल्या बहुसंख्य पालिका तिथेच.

त्यात १९९९ साली नगरपालिकांची जकात गेली. तिच्या बदल्यात शासनाकडून सहायक अनुदान येतं, आणि कित्येक ठिकाणी कर्मचाऱ्यांचे पगार त्यावरच होतात. ज्या पालिकेचा पगार दुसऱ्याच्या चेकवर अवलंबून आहे तिचे रोखे विमा कंपनी कशाला घेईल? शिवाय पालिकेला कर्ज काढायचं तर १९१४ च्या स्थानिक प्राधिकरण कर्ज कायद्याखाली शासनाची परवानगी लागते. ठराव केला आणि रोखे काढले, इतकं ते सरळ नाही.

चार-पाच लहान पालिकांनी एकत्र येऊन काढले तर?

हा खरा चांगला प्रश्न, आणि सभागृहात तो फारसा ऐकू येत नाही. तमिळनाडूने २००२-०३ च्या सुमारास हेच केलं. डझनभर लहान शहरांच्या पाणी आणि मलनिस्सारणाच्या गरजा एका निधीत एकत्र केल्या आणि त्या निधीच्या नावाने सुमारे ३० कोटींचे रोखे विकले. एकट्या गावाला कुणी दारात उभं केलं नसतं, पण एकत्र आल्यावर पत मिळाली. कारण मागे राखीव रक्कम होती आणि परदेशी मदत संस्थेची अंशतः हमीही होती. कर्नाटकानेही पुढे अशी वाट धरली, आणि २००६ मध्ये केंद्राने एकत्रित वित्तपुरवठ्याची योजना आणली.

सिंधुदुर्गात मालवण, वेंगुर्ला, सावंतवाडी या तीन नगरपरिषदा आणि पाच नगरपंचायती आहेत. आठांची मिळून एकच मागणी तयार करायला कायद्यापेक्षा मानापमानाचीच अडचण जास्त येईल. आणखी एक अडचण मात्र खरी आहे. तमिळनाडूत कर्ज पाण्यासाठी होतं आणि पाण्याला पाणीपट्टी येते. रस्त्याला काहीच येत नाही. गल्लीत टोल लावणार कोण? म्हणून रस्त्याचं कर्ज शेवटी घरपट्टीवर किंवा शासनाच्या अनुदानावर येऊन बसतं.

मग सध्या पैसे येतात तरी कुठून?

बहुतेक वेळा राज्याच्या नगरोत्थान महाअभियानातून आणि जिल्हा वार्षिक योजनेतून. नगरोत्थानात पालिकेला स्वहिस्सा भरावा लागतो. पालिकेचा वर्ग जितका लहान तितका तो कमी. हा स्वहिस्साच अनेकांना जमत नाही, आणि खरं कर्ज लागतं ते तिथे. हडको ही केंद्र सरकारची कंपनी असं कर्ज देते. २०२३-२४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नागरी पायाभूत सुविधा विकास निधी जाहीर झाला. दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीच्या शहरांसाठी, वर्षाला १०,००० कोटींचा, राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेमार्फत. हे कर्ज राज्याला मिळतं आणि व्याज बाजारापेक्षा कमी असतं. याखेरीज २०२०-२१ पासून केंद्र राज्यांना भांडवली कामांसाठी ५० वर्षांचं बिनव्याजी कर्ज देत आलं आहे.

२०२५-२६ च्या अर्थसंकल्पातला एक लाख कोटींचा नागरी आव्हान निधी वेगळा आहे. त्यात केंद्र खर्चाच्या २५ टक्क्यांपर्यंत देणार, पण निदान निम्मा पैसा रोखे, बँक कर्ज किंवा खासगी भागीदारीतून उभा करायचा. लहान पालिकांना ही अट जड जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

कर्ज काढलं तर माझ्या घरपट्टीवर किती पडेल?

हिशेब करून बघू. आकडे समजण्यापुरते, कोणत्याही एका पालिकेचे नाहीत. समजा १० कोटी, ८ टक्के व्याज, १५ वर्षं, दरवर्षी सारखा हप्ता. हप्ता येतो वर्षाला सुमारे १ कोटी १७ लाख. पंधरा वर्षांत एकूण साडेसतरा कोटी जातात. गावात १२ हजार मालमत्ता असतील तर दर मालमत्तेमागे वर्षाला सरासरी ९७५ रुपये. मुदत दहा वर्षांची केली तर हप्ता १ कोटी ४९ लाखांवर जातो, पण एकूण परतफेड पंधरा कोटींच्या आत राहते.

आता समजा हेच काम नगरोत्थानातून मंजूर झालं आणि कर्ज फक्त १५ टक्के स्वहिश्श्यापुरतं, म्हणजे दीड कोटीचं, घेतलं. मग तो बोजा दर मालमत्तेमागे वर्षाला १४६ रुपयांवर येतो. ‘कर्ज नको’ आणि ‘कर्ज काढा’ असा वाद घालणाऱ्यांनी आधी कर्ज नेमकं कशापुरतं आहे ते विचारावं. दहा कोटीचं आणि दीड कोटीचं कर्ज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कर्जाने रस्ते करणं मुळात शहाणपणाचं आहे का?

रस्ता कर्जापेक्षा जास्त जगणार असेल तर आहे. नाहीतर नाही. या पानावर माझं म्हणणं असलं तर एवढंच.

आपल्याकडे ‘रस्ता केला’ म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा जुन्या डांबरावर २० मिलिमीटरचं कार्पेट आणि वर सीलकोट टाकलेला असतो. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त पाऊस, तोही चार महिन्यांत. असं कार्पेट काही वर्षांत उखडतंच, आणि ठेकेदार प्रामाणिक असला तरी उखडतं. हे देखभालीचं काम आहे, चालू उत्पन्नातूनच व्हायला हवं. त्यासाठी पंधरा वर्षांचं कर्ज घेतलं तर रस्ता गेल्यावरही हप्ता चालू राहतो. कर्ज काढायचं तर मोऱ्या, गटारं, संरक्षक भिंती, पाया खणून केलेला रस्ता, साकवाच्या जागी पूल अशा कामांना. ती कामं दिसत नाहीत, त्यामुळे फलकावर शोभत नाहीत, ही खरी पंचाईत.

प्रत्येक वेळी गटाराचा विषय का काढता?

कारण कोकणात रस्ता गाड्यांच्या आधी पाण्याने मरतो.

एखाद्या नव्या रस्त्यावर पहिल्या मोठ्या सरीत छत्री घेऊन उभे राहा. जोरदार पावसाच्या प्रदेशात डांबरी रस्त्याला मधून कडेकडे साधारण अडीच टक्के उतार द्यायचा असतो. सहा मीटर रुंद रस्त्याचा मध्य कडेपेक्षा साडेसात सेंटीमीटर उंच हवा, जेमतेम चार बोटं. तेवढा असेल तर पाणी कडेला पळतं. पण कडेला काय असतं? गटाराची सिमेंटची भिंत रस्त्यापेक्षा वर आलेली. गटार बांधलं एका योजनेतून, रस्ता केला दुसऱ्यातून, दोन्हींच्या पातळ्या कुणी एकत्र पाहिल्याच नाहीत. मग गटार कोरडं आणि त्याला लागून रस्त्यावर घोटाभर पाणी. भिंतीला ठेवलेली भोकं पहिल्याच आठवड्यात पाचोळ्याने आणि गुटख्याच्या पुड्यांनी बुजतात. ते पाणी साइडपट्टीच्या मातीतून डांबराखाली मुरतं आणि गणपतीपर्यंत खड्डा तयार. गणपतीआधी त्यात जांभ्याचे तुकडे टाकायचे, चाकरमानी परत गेले की विसरायचं.

दुसरी गोष्ट, गटार संपतं कुठे. अंदाजपत्रकात ‘इतके मीटर गटार’ एवढंच असतं. ते पुढे पऱ्याला (ओढ्याला) मिळतं, खाडीत जातं की कुणाच्या परसात सोडलंय, हे नकाशात पाहावं लागतं. खाडीकाठच्या भागात तर उधाणाच्या भरतीला पाणी उलटं गटारात शिरतं. तिथे तोंडाला झडप लागते, आणि ती झडप साफ ठेवायला माणूस लागतो. झडपेला निधी मिळतो, माणसाला मिळत नाही.

काँक्रीटचा रस्ता केला की प्रश्न मिटेल ना?

अरुंद बाजारपेठेत, जिथे पाणी साचतं तिथे, काँक्रीट चांगलंच. नीट केलं तर ते कर्जाच्या मुदतीपेक्षा नक्की जास्त टिकतं. पण काँक्रीट टाकताना खालचं खोदत नाहीत, जुन्यावरच सहा-आठ इंच चढवतात. रस्ता वर जातो, घरांचे आणि दुकानांचे उंबरे खाली राहतात, आणि पाणी माजघरात. ‘अस्तित्वातील पातळी राखून’ हे शब्द अंदाजपत्रकात आहेत का ते बघा. शिवाय काँक्रीट एकदा टाकलं की खाली गळणारी पाण्याची लाइन दुरुस्त करायला ते फोडावं लागतं.

चढणीच्या वाड्यांमधल्या पाखाड्यांवर, म्हणजे पायऱ्यांच्या वाटांवर, मात्र काँक्रीट ओतू नये असं मला वाटतं. जांभ्याच्या पायऱ्या पाणी मुरू देतात आणि पावसात पाय घसरू देत नाहीत. त्या नीट बसवून घ्यायला खर्चही कमी येतो.

पाइपलाइन आधी की रस्ता आधी?

पाइपलाइन. वीजवाहिन्या जमिनीखाली न्यायच्या असतील तर त्याही आधी. अलिबागेत हे काम राष्ट्रीय चक्रीवादळ धोके निवारण प्रकल्पातून झालं, आणि २०२० च्या निसर्ग वादळानंतर इतर किनारी शहरांतही तशी मागणी वाढली आहे. वेगवेगळी खाती, वेगवेगळ्या योजना, वेगवेगळे मार्चअखेर. त्यामुळे रस्ता होतो आणि तिसऱ्या महिन्यात चर पडतो. खोदाईची परवानगी पालिकाच देते आणि त्याचे पैसेही घेते. ते पैसे त्याच चराच्या दुरुस्तीवर गेले का, हे नगरसेवकांनी विचारायला हवं.

चिपळूण, महाड, राजापूरसारख्या पुराच्या गावांत रस्ते उंच करावेत का?

सरसकट नाही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीच्या पुराने चिपळूणची बाजारपेठ बुडाली, राजापुरात जवाहर चौकात पाणी येणं तर दरवर्षीचं. अशा ठिकाणी एक रस्ता उंच केला तर तो बांध होतो आणि पाणी पलीकडच्या मोहल्ल्यात साठतं. जायचा-यायचा एक मार्ग पुरातही कोरडा राहावा म्हणून उंच करणं समजू शकतं, पण त्याखाली पुरेशा मोऱ्या हव्यात. बाकीचे रस्ते बुडणार हे धरूनच बांधावेत. जलसंपदा विभागाच्या निळ्या (वारंवार येणाऱ्या पुराच्या) आणि लाल (क्वचित येणाऱ्या मोठ्या पुराच्या) पूररेषांचा नकाशा आराखड्याला जोडलेला नसेल तर त्या आराखड्याला कर्ज मागू नये.

काम नेहमी मे महिन्यातच का सुरू होतं?

मंजुरीचा कागद डिसेंबरात, निविदा जानेवारी-फेब्रुवारीत, कार्यादेश मार्चअखेर. त्यानंतर ठेकेदार आधी दुसरीकडचं काम संपवतो. इथे येईपर्यंत लोक आगोट, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरायला लागलेले असतात आणि आभाळ भरून येतं. ओल्या खडीवर डांबर धरत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. पाऊस तोंडावर असताना घाईत केलेल्या थरापेक्षा काम ऑक्टोबरवर ढकललेलं परवडतं. पालिकेने निधी परत जाईल म्हणून घाबरवलं तर मुदतवाढीचा प्रस्ताव पाठवला का ते विचारा.

मी पट्टी वेळेवर भरतो. बंद घरांच्या थकबाकीचं काय?

अर्धं गाव मुंबईत आणि घरं कुलपात, ही कोकणातल्या पालिकांची जुनी दुखणी. थकबाकीवर महिना दोन टक्के शास्ती लागते, मग ती माफ करण्याची योजना येते, आणि वेळेवर भरणाऱ्याला आपण मूर्ख ठरलो असं वाटतं. कर्ज देणारा आधी वसुलीचा टक्का पाहतो. वसुली पन्नास-साठ टक्क्यांवर असेल तर व्याजदराची चर्चा नंतर करावी.

मला स्वतःला असे रोखे घेता येतात का?

राज्याचे घेता येतात. रिझर्व्ह बँकेची ‘रिटेल डायरेक्ट’ सोय नोव्हेंबर २०२१ पासून आहे, किमान १०,००० रुपयांपासून. व्याज सहा महिन्यांनी खात्यात येतं. आपल्या गावचा रस्ता म्हणून नव्हे, गुंतवणूक म्हणून घ्या.

नागरिक म्हणून कोणते कागद मागावेत?

कामाचं अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, कार्यादेश, मोजमाप पुस्तिका आणि कर्ज असेल तर परतफेडीचं वेळापत्रक. माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्यात कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही अधिकार आहे, तो फार कमी लोक वापरतात. मोजमाप पुस्तिकेतली जाडी आणि रस्त्यावरची जाडी जुळते का, हे पाहायला फूटपट्टी पुरते. कडेला जिथे डांबर संपतं तिथे मोजा.

रस्ता वर्षभरात उखडला तर?

निविदेत दोष दायित्व कालावधी लिहिलेला असतो. त्या काळात दुरुस्ती ठेकेदाराने स्वखर्चाने करायची आणि पालिकेने तोवर त्याची अनामत सोडायची नाही. म्हणून तक्रार तोंडी करू नका. मुख्याधिकाऱ्यांच्या नावे लेखी द्या, कामाचं नाव आणि कार्यादेशाची तारीख घाला, फोटो जोडा आणि आवक शिक्का मारलेली प्रत जवळ ठेवा. अनामत परत करण्याच्या फाइलमध्ये तो कागद लागला पाहिजे, म्हणून एक प्रत लेखा विभागालाही द्या.